ब्योर: दातांमागची एकतीस वर्षं

मी एक जुना शब्द आहे. वय हजाराच्या आसपास. नाव ब्योर. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे दगड जास्त आणि माती कमी, तिथली माणसं ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत माझा अर्थ बिअर.

मित्रांनो, घाबरून पान उलटू नका. मी दारू नाही, दारूचं नाव आहे. मला कितीही वेळा उच्चारलं तरी कोणी झिंगत नाही. तसं होत असतं तर आमच्या शाळेचे मास्तर शब्दार्थ सांगता सांगता सकाळी दहालाच आडवे झाले असते.

आणखी एक खुलासा. 'शब्द' म्हटला की तुमच्याकडे तो पुरुष. आमच्या भाषेत मात्र मी बाई. तेव्हा यापुढे मी 'आले', 'गेले' असंच बोलणार. सवय करून घ्या.

माझं माहेर उत्तरेकडे, बर्फाच्या देशात. तिथले दांडगे लोक लांबलचक होड्या घेऊन आयर्लंडवर चालून आले. त्यांनी मठ लुटले, घंटा पळवल्या, आणि मग दमून खाली बसले. दमलेल्या माणसाला तहान लागते. तहानेबरोबर मी किनाऱ्यावर उतरले. त्या लोकांच्या तोंडात मी पुरुष होते बरं का. इथल्या लोकांनी मला जिभेवर घोळवलं, माझं खरबरीत शेपूट कापलं आणि मला बाई करून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. मीही तक्रार केली नाही. परक्या मुलखात आल्यावर दोन घास मिळाले की फार चौकशी करू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. इथे आधीपासून नांदणारी एक सवत होती, बिअरसाठीचाच इथला जुना शब्द, तिचं नाव ल्यून. ती घरची, मी बाहेरून आलेली. तिने मला हजार वर्षं तोंडावर हसून सहन केलं.

माणसं शब्दांना घरकामाला जुंपतात, त्याला व्याकरण म्हणतात. तुमच्याकडे पाणी जरा कामाला लावलं की 'पाण्याला', 'पाण्यात' होतं. म्हणजे बदल शेपटाकडून. आमच्याकडे डोकंही सुटत नाही. माझ्यापुढे 'अन' नावाचा, इंग्रजीतल्या 'द'सारखा चिमुकला शब्द येऊन उभा राहिला की माझं डोकं मऊ पडतं आणि मी 'व्योर' होते. कोणी 'बिअरमध्ये माशी पडली' म्हणालं की मी 'म्योर'. फेस माझा, चव माझी, पिंप माझं असं सांगायचं असेल तर 'ब्योरख'. एवढे वेश बदलूनही मला कोणी नटी म्हणत नाही. तुमच्या सोयीसाठी मी इथे सगळीकडे ब्योरच लिहिते.

शब्दाचं एक बरं असतं. एकाच वेळी हजार तोंडांत राहता येतं. पण आज मी सांगणार आहे ती एकाच घरातली गोष्ट. त्या घरात मी कैदेत होते. एकतीस वर्षं.

ते घर लारीचं. लारी म्हातारा, बायको कधीच गेलेली, दोन मुलगे, दोघेही बिनलग्नाचे. थोरला बार्टली, धाकटा फेहीन. दर शरद ऋतूत लारी माळावरच्या फ्रीख नावाच्या झुडपाची जांभळी फुलं खुडून आणायचा, मोड आणून भाजलेल्या जवाबरोबर ती उकळायचा आणि एक लाकडी पिंप भरून ब्योर करायचा. गावात बाकी सगळे दुकानातली काळी बाटली प्यायचे आणि तिला इंग्रजी नावाने हाक मारायचे. मी माझ्या पूर्ण नावाने राहत होते ती फक्त लारीच्या तोंडात. तो मला असा उच्चारायचा, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर फेस यावा.

लारी खूप आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनी त्याला प्यायची बंदी केली. लारी म्हणाला, "बरं." आमच्या गावात 'बरं' म्हणजे 'तुम्ही गेल्यावर बघू.'

एका दुपारी दोन्ही मुलगे जळणासाठी दलदलीतली काळी माती कापायला गेले होते. लारी अंथरुणातून उठला. भिंतीला धरून धरून मागच्या खोलीत पिंपापाशी आला. झाकण काढलं, हातातला मग बुडवला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "ब्योर." बस, एवढंच. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर उच्चार.

मग तो दुसऱ्या मगासाठी वाकला. तंबाखू ओढायचा त्याचा बुटका मातीचा पाईप कायम ओठांच्या कोपऱ्यात असायचा. तो निसटला आणि बुडुक करून पिंपात गेला. काठोकाठ तंबाखू भरलेला. लारीने काठीने ढवळून पाहिलं, शिव्या घातल्या, देवाची क्षमा मागितली, पुन्हा शिव्या घातल्या. शेवटी झाकण लावून गुपचूप जाऊन झोपला.

संध्याकाळी फेहीनने विचारलं, "बाबा, पाईप कुठाय तुमचा?"

"सोडला," लारी म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना."

चार दिवसांनी लारी वारला. हे सगळं पाहणारी मी एकटी. आणि शब्दाची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. त्याला सगळं माहीत असतं, पण कोणाच्या तरी तोंडाशिवाय त्याला काही सांगता येत नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याला घरातच निजवतात, आणि सारा गाव येऊन त्याच्या उशापायथ्याशी बसतो. चहा होतो, तंबाखू होते, मेलेल्याच्या खोड्या सांगून लोक हसतात. रडायला नंतर वेळ असतो. लारीच्या वेळी तर बार्टलीने जाहीर केलं, "बाबांच्या हातची शेवटची ब्योर आहे. प्रत्येकाने एक मग घ्यायचाच."

पहिला मग गावात दुकान चालवणाऱ्या नान्सीला मिळाला. तिच्या दुकानात एका टोकाला पीठ मिळायचं आणि दुसऱ्या टोकाला पेला, त्यामुळे तिचं मत पक्कं मानलं जायचं. नान्सीने घोट घेतला. तिचा चेहरा मिठात घातलेल्या माशासारखा झाला. तिने प्रेताकडे पाहिलं, आदराने पाठ फिरवली आणि चुलीत थुंकली.

"बार्टली," ती म्हणाली, "लारी आजाराने गेला म्हणतोस ना? खात्री आहे तुझी?"

घर हसलं. मेलेल्या लारीखेरीज सगळे हसले. दुसऱ्याने प्यायली, थुंकला. तिसरा नुसता वास घेऊन परत देत म्हणाला, "मला आज गाडी चालवायचीय." त्याच्याकडे गाडी नव्हती.

भाऊ मागच्या खोलीत गेले. दोघांचे कान लाल. आमच्या भाषेत क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी येतं, त्यामुळे भांडणात पहिला दणका आधी बसतो आणि तपशील मागून.

"नासवलीस तू ब्योर!" बार्टली म्हणाला. "झाकण उघडं टाकलंस!"

"मी? नासवलीस तू ब्योर!" फेहीन म्हणाला. "जव करपवलेस! आणि बाबांचा पाईप पण तूच लांबवलास. शवपेटीत ठेवायला शोधतोय मी कधीचा!"

"चोर तू, आणि मला म्हणतोस?"

बाहेर सगळा गाव कान देऊन ऐकत होता. बापाच्या मयताला शोभा झाली होती ती दोघांची मिळून. पण शरम वाटून घेता येत नाही. ज्याने त्याने ती सगळीच्या सगळी दुसऱ्याच्या अंगावर टाकली. फेहीनने झाकण पिंपावर ठेवून हातोड्याने ठोकून बसवलं. पिंप गोठ्यामागच्या खोपटात लोटलं. त्या दिवसानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, आणि दोघांपैकी कोणीही मला तोंडातून बाहेर काढलं नाही. नान्सीच्या दुकानातसुद्धा ते बोट दाखवायचे.

आता तुम्ही विचाराल, दोन माणसं एका घरात एकतीस वर्षं न बोलता राहतात कशी? बटाटे झाले, छत गळतंय, गाय व्यायला आली, हे सांगायचं कसं? तर त्यासाठी कुत्रा होता. त्याचं नाव मेजर.

"मेजर," बार्टली म्हणायचा, "त्या माणसाला सांग, बटाटे झाले."

मेजर शेपटी हलवायचा. फेहीन खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, "मेजर, त्या माणसाला सांग, मीठ कमी आहे."

"मेजर, त्याला सांग, मीठ त्याच्या कोपराजवळ आहे."

सोय उत्तम होती. फक्त एक गोम होती, आणि तिथेच माझ्या तुरुंगाचं दार बंद झालं. आमच्या भागात माणसांशी आयरिश बोलतात, गायीशी आयरिश, देवाशी आयरिश. कुत्र्याशी मात्र इंग्रजी. का, ते कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं, पहिली चांगली कुत्री जमीनदाराकडची होती. कोणी म्हणतं, शिव्या इंग्रजीत दिल्या तर पाप कमी लागतं. ते काही असो, आयरिशमध्ये 'बस' म्हटलं तर आमचं कुत्रं तुमच्याकडे वेड्यासारखं बघत राहतं. त्यामुळे बोलायचं कुत्र्यामार्फत म्हटल्यावर त्या घरात इंग्रजी शिरली आणि चुलीशेजारी मांडी घालून बसली. आजोबा-पणजोबांपासून त्या भिंतींनी ऐकलेले सगळे शब्द एका दुपारी मुके झाले. क्वचित कधी बार्टली म्हणायचा, "मेजर, मी बिअर घ्यायला चाललोय." बिअर! माझी दूरची चुलत बहीण. ती माझ्या डोक्यावर पाय देऊन ऐटीत दारातून बाहेर पडायची, आणि मी आत.

दातांमागे राहणं काय असतं, सांगते. अंधार असतो. दिवसातून चार वेळा कढत चहा अंगावरून जातो. बटाटे येतात, मासे येतात, रविवारी मटण येतं. सगळे येतात आणि जातात. तुम्ही तिथेच. कधी रागाच्या भरात जीभ उचलली जाते, तुम्ही काठापर्यंत येता, समोर उजेड दिसतो, आणि ओठ मिटतात. बार्टलीचे दात एकेक करून पडू लागले तेव्हा मला वाटलं, गज तुटतायत, आता सुटका. तर त्याने कवळी बसवून घेतली. नवे गज, पहिल्यापेक्षा पांढरे.

मध्ये एकदा आशा वाटली होती. शहरातून सोर्खा नावाची एक बाई आली. गावोगाव फिरून जुने शब्द टिपून घ्यायचं तिचं काम. एका शब्दाला एक चिठ्ठी, चिठ्ठ्या खोक्यात. मला खोकंही चाललं असतं. बदल म्हणून.

"फ्रीखच्या फुलांपासून तुमचे वडील काहीतरी करायचे म्हणे," ती आदराने म्हणाली. "त्याला काय म्हणायचे तुमच्याकडे?"

मी बार्टलीच्या जिभेच्या टोकावर उभी राहिले. शेजारी फेहीन विळ्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

"सांडपाणी," बार्टली म्हणाला.

बाईंनी टिपून घेतलं. आजही कुठल्यातरी खोक्यात ती चिठ्ठी असेल: सांडपाणी, फ्रीखच्या फुलांपासून केलेले पेय, पश्चिमेकडील प्रयोग. विद्वानांनी जपून वापरावे.

पहिला मेजर बारा वर्षांनी गेला. दुसरा दहा वर्षं चालला. त्याला गोठ्यामागे पुरलं, तर कोल्ह्यांनी उकरून काढलं. भावांना ते फार लागलं. दोघेही दिवसभर जेवले नाहीत. पण ते सांगायला कुत्रा नव्हता. चौथ्या दिवशी बार्टली तिसरा मेजर घेऊन आला आणि घर पुन्हा बोलू लागलं.

तिसरा मेजर म्हातारा झाला तेव्हा भाऊही म्हातारे झाले होते. फेहीनची छाती वाजू लागली. पिठाचं पोतं उचललं की तो दाराला टेकून उभा राहायचा. एकदा नान्सीने बार्टलीला दुकानात गाठलं.

"डॉक्टरांना भेटले मी," ती म्हणाली. "पुढचा हिवाळा फेहीनला निघेल याची खात्री नाही म्हणाले. बोल की रे त्याच्याशी आता."

"बोलतो की रोज."

"कोणाशी?"

"मेजरशी," बार्टली म्हणाला, आणि काळ्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"नावाने माग, मग देते."

बार्टलीने बराच वेळ बाटलीकडे पाहिलं. "चहाच दे," तो म्हणाला.

त्या दिवशी मी हात टेकले. मित्रांनो, हिशेब सरळ होता. फेहीन गेला असता तर बार्टलीला बोलायला कोणी उरलं नसतं. मग लारीचा पाईप, त्या दोघांचं निर्दोष असणं, आणि मी, तिघेही त्या एका तोंडात बंद होऊन त्याच्याबरोबर जमिनीत गेलो असतो. सत्य माझ्यापाशी होतं, आणि मी कवळीमागे.

शरद ऋतू लागला आणि एका सकाळी मेजर चुलीपाशी झोपला तो उठला नाही. बार्टली चहाचं पाणी घ्यायला आला. त्याने पायाने हळूच हलवून पाहिलं. खाली बसला. कानामागे हात ठेवला. फेहीन दारात येऊन उभा राहिला होता.

बार्टली वर न बघता, सवयीने, इंग्रजीत म्हणाला, "मेजर, त्या माणसाला सांग, मेजर गेला."

आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

फेहीन कोणामार्फत बोलणार? तो बाहेर गेला आणि फावडं आणून दाराला टेकवलं. मग थांबला. कोल्हे. बार्टलीनेही फावड्याकडे पाहिलं. त्यालाही कोल्हेच आठवले. फेहीन खोपटाकडे गेला आणि धापा टाकत, चिखलातून लोटत लोटत, एकतीस वर्षांपूर्वीचं ते लाकडी पिंप उघड्या दारातून चुलीपाशी घेऊन आला. मेजर त्यात नीट मावला असता.

आतलं सगळं केव्हाच फटींतून झिरपून वाळून गेलं होतं. पण झाकण पक्कं होतं. जो ठोकतो तो रागात ठोकतो, आणि काढायला मागे म्हातारे उरतात. फेहीनने पहार घातली, त्याला खोकला आला. बार्टलीने त्याच्या हातातली पहार घेतली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची बोटं एकमेकांना लागली. झाकण करकरत उघडलं.

दोघे आत वाकले. तळाशी काळा, भेगाळलेला गाळ होता. आणि गाळात, अर्धा रुतलेला, बुटका मातीचा पाईप.

फेहीनने हात घालून तो उपटून काढला. दांडीवर लारीच्या दातांनी पडलेली खाच होती. आत अजून तंबाखू होती, दगडासारखी. त्याने तो बार्टलीसमोर धरला. बार्टलीने पाईपकडे पाहिलं, मग पिंपाकडे, मग घरातल्या अंथरुणाच्या कोपऱ्याकडे आणि तिथून मागच्या खोलीच्या दाराकडे. एका मरणाऱ्या माणसाने भिंतीला धरून चाललेला तो सगळा रस्ता त्याच्या नजरेने मोजला.

"सोडला म्हणाले होते," फेहीन पुटपुटला. हवेकडे बघून. पण आयरिशमध्ये.

बार्टलीची जीभ हलली. मी उठून उभी राहिले. तो इकडे तिकडे पाहू लागला, सवयीने, पायाशी. पायाशी मेजर होता, पण आता निरोप्याच्या कामाचा नव्हता. मग त्याने मान वर केली आणि भावाच्या डोळ्यांत पाहिलं. कवळी उघडली. उजेड आला.

"होती ब्योर चांगली," तो म्हणाला, "फेहीन."

उच्चार भयंकर होता. गंजलेल्या बिजागरीसारखा. पण मी बाहेर होते. समुद्राचा वारा मला लागला, आणि मी फेहीनच्या कानात जाऊन बसले.

फेहीन पिंपाच्या काठावर टेकला. त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं खोकला, बार्टलीलाही वाटलं. पण तो हसत होता.

"थुंकली नान्सी," तो म्हणाला, "बाबांच्या पाईपवर."

"सांगू या तिला."

"नको. आधी नवी करू. मग पाजू आणि सांगू."

मेजरला पिंपात ठेवून पुरलं. वर मोठे दगड रचले. पाईप लारीच्या थडग्यापाशी मातीत खोचला. आणि त्याच आठवड्यात दोन म्हातारे माळावर वाकून जांभळी फुलं खुडताना सगळ्या गावाने पाहिले. ते सारखे भांडत होते. मोठ्याने. जव किती, फुलं किती, पाणी किती. एकतीस वर्षांचं साचलेलं होतं. दर दोन वाक्यांत माझं नाव होतं.

फेहीनने तो हिवाळा काढला. त्यापुढचा नाही. त्याच्या मयताला नान्सीने मग रिकामा केला आणि दुसरा मागितला. नावाने.

बार्टलीने आता एक पिल्लू आणलं आहे. त्याच्याशी तो आयरिशमध्येच बोलतो. पिल्लाला एक अक्षर कळत नाही, ते बस म्हटलं की पळतं आणि ये म्हटलं की बसतं. गाव हसतं. पण दर शरद ऋतूत नव्या पिंपाचं झाकण पहिल्यांदा उघडलं की बार्टली एक मग भरतो, अंगणात येतो, डोंगरावरच्या थडग्यांकडे तोंड करतो आणि पिल्लाला म्हणतो, "मेजर, त्या माणसाला सांग, ब्योर चांगली झालीय."

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा शब्द कोणाच्या तरी दातांमागे बसलेला असेल. तो ब्योरच असेल असं नाही. 'चुकलं' असेल, 'ये ना' असेल, किंवा नुसतं एखादं नाव. आम्हा शब्दांना जपायचं म्हणजे खोक्यात भरून ठेवायचं नसतं. तोंड उघडायचं असतं. तेवढं करा. कुत्रा मरायची वाट पाहू नका.